आठ जोड्या आणि उंच जागा

३५ डॉलर भरायचे, परीक्षा द्यायची नाही, आणि दहा वर्षे अख्ख्या घरादाराने बोलायचे. अमेरिकेतल्या जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिसच्या, म्हणजे जीएमआरएसच्या परवान्याचा व्यवहार एवढाच आहे. एप्रिल २०२२ पर्यंत ही फी ७० डॉलर होती. एफसीसी या तिथल्या नियामक आयोगाने ती निम्म्यावर आणली. परवाना घेणाऱ्याचे वय अठरा पूर्ण हवे आणि तो परक्या सरकारचा प्रतिनिधी नको. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे न्यू जर्सीत वर्क व्हिसावर असलेला पुणेकरही तो काढू शकतो. खरी गंमत आहे ती कुटुंबाच्या व्याख्येत. नवरा-बायको, मुले, नातवंडे, आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे आणि सासरची मंडळी, इतके सगळे एका परवान्यावर बोलू शकतात. आपल्या रेशनकार्डानेही एकत्र कुटुंब इतके ऐसपैस कधी धरले नसेल.

फी उतरल्यावर वॉकी-टॉकी वाढणार हे उघडच होते. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट वाढली. लोक स्वतःचे रिपीटर, म्हणजे ऐकलेले तिथल्या तिथे मोठ्याने पुन्हा बोलणारी यंत्रे, उभे करू लागले: गॅरेजच्या छपरावर, शेतातल्या धान्याच्या उंच कोठीवर, डोंगरउतारावर घर असलेल्या एखाद्या मित्राच्या गच्चीवर. पूर्वी हे काम छांदिष्ट तंत्रज्ञांचे असे. आता ते डोंगरवाटांवर जीप घालणाऱ्यांचे, शेकडो एकरांची शेती बघणाऱ्यांचे आणि वणव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांचे झाले आहे. रेडिओच्या जगात 'कोणता पट्टा चांगला' यावर वर्षानुवर्षे हुज्जत चालते. माझे मत आधीच सांगतो: त्या हुज्जतीत वाया जाणारा निम्मा वेळ उंच जागा शोधण्यात आणि ती कोणाबरोबर कशी वाटून घ्यायची हे ठरवण्यात घातला, तर जास्त हाती लागेल.

व्हीएचएफ (इथे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) आणि यूएचएफ (४६० च्या आसपासच्या) लहरी जवळजवळ सरळ जातात, हवेमुळे किंचित वाकतात. अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. उभ्या माणसाच्या डोक्याजवळ, २ मीटरवर, ते जेमतेम ६ किलोमीटर. घराच्या छपरावर, १० मीटरवर, १३. भोवतालच्या मुलखाहून ७५० मीटर उंच असलेल्या डोंगरावर ११३. पुण्याच्या दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का, याचे उत्तर याच हिशेबात आहे. हे आकडे मोकळ्या मैदानाचे. इमारती, झाडे, टेकाडे मध्ये आली की हातातल्या सेटच्या ६ किलोमीटरचे २ व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकी दुकानांतल्या पाकिटबंद वॉकी-टॉकीच्या वेष्टणावर '३५ मैलांपर्यंत' असे छापलेले असते. ते दोन शिखरांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपुरते खरे आहे.

नवखा माणूस यावर उपाय म्हणून वॉट वाढवतो. ५ चे ५० वॉट केले तर समोरच्या रिसीव्हरला १० डेसिबेल जास्त मिळतात, पण डोंगराआड गेलेल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय एकाच बाजूचे वॉट वाढवले की नवेच दुखणे होते: रिपीटर सगळीकडे ऐकू येतो, पण हातातल्या ५ वॉटच्या सेटचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकी हौशी मंडळी अशा रिपीटरला मगर म्हणतात. जबडा मोठा, कान दिसत नाहीत.

रिपीटरचे काम सांगायला एका वाक्याचे: ४६७ मेगाहर्ट्झवर ऐकायचे आणि तेच, त्याच क्षणी, ४६२ वर मोठ्याने बोलायचे. करायला गेले की घाम निघतो. ऐकणारा आणि ओरडणारा एकाच खांबावर, बहुतेक वेळा एकाच अँटेनावर असतात. त्याच केबलमधून ५० वॉट बाहेर चाललेले असतात आणि दूरच्या हँडसेटचा सिग्नल आत येत असतो. तो एका वॉटच्या कोट्यंशाचा कोट्यंश, आणि अगदीच क्षीण असेल तर त्याचाही दहावा भाग. या दोघांना वेगळे ठेवणारी वस्तू म्हणजे ड्युप्लेक्सर. यूएचएफचा साधा ड्युप्लेक्सर जाडजूड पुस्तकाएवढी धातूची पेटी असते. आत सहा पोकळ्या, वर सहा स्क्रू, प्रत्येक स्क्रूला आवळनट. तीन पोकळ्या ट्रान्समीटरच्या वाटेवर बसून ऐकण्याची वारंवारता गिळतात, उरलेल्या तीन रिसीव्हरच्या वाटेवर बसून बोलण्याची. पूर्वी ही पेटी जुळवायला महागडे यंत्र लागे. आता नॅनोव्हीएनए नावाचे खिशात मावणारे उपकरण काही हजार रुपयांच्या मोलात मिळते आणि त्याच्या इवल्या पडद्यावर आलेखातला खड्डा दिसतो. स्क्रू पाव फेरा फिरवला की खड्डा सरकतो. हव्या त्या जागी आणून नट आवळला की पुन्हा थोडा सरकतो. मग नट सैल करून स्क्रू मुद्दाम जरा पलीकडे न्यायचा, आवळताना तो मागे येईल या हिशेबाने. सहा पोकळ्यांसाठी हे सहा वेळा, आणि शेवटची झाली की पहिली परत तपासायची, कारण एकीचा परिणाम दुसरीवर होतो.

जुळवणी चुकली की कळते कसे? हँडसेट घेऊन एकजण चालत जातो. अर्ध्या किलोमीटरवर त्याचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येऊ लागतो. रिपीटरला त्याचा सिग्नल ऐकू येतो म्हणून ट्रान्समीटर सुरू होतो, सुरू होताच रिसीव्हर बहिरा होतो, सिग्नल गेला असे समजून ट्रान्समीटर बंद पडतो, आणि बंद पडताच पुन्हा ऐकू येते. सेकंदाला दोन-तीनदा ही उघडझाप चालते. नवा मालक बहुधा अँटेनाला दोष देतो. कधी दोष केबलचाही असतो: ॲल्युमिनियमची फॉइल आणि वर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी अशी दुहेरी आच्छादनाची लोकप्रिय केबल एरवीच्या सेटला उत्तम चालते, पण बोलणे आणि ऐकणे एकदम होणाऱ्या या मांडणीत दोन धातूंच्या घासण्यातून खरखर उपजते. वाऱ्याने केबल हलली की खरखर वाढते. असल्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात; त्या डोंगरावरून दोनदा खालीवर केल्यावर समजतात.

सामान्य नागरिकाच्या हाती नेमका ४६२ मेगाहर्ट्झच का आला, याला फार खोल तांत्रिक कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एफसीसीने नागरिकांसाठी रेडिओसेवा काढली आणि तिला ४६० ते ४७० मेगाहर्ट्झ ही जागा दिली. खालचे पट्टे पोलीस, सैन्य, दूरदर्शन वगैरेंनी आधीच अडवलेले होते. वॉकी-टॉकीच्या आद्य कर्त्यांपैकी एक असलेल्या अल ग्रॉसच्या सेटला १९४८ मध्ये या सेवेसाठी मान्यता मिळाली. पण त्या काळच्या निर्वात नळ्यांना एवढ्या उंच वारंवारतेवर स्वस्तात काम करणे झेपत नव्हते. म्हणून १९५८ मध्ये आयोगाने हौशी रेडिओवाल्यांकडून ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि २७ मेगाहर्ट्झवर 'क्लास डी' सेवा सुरू केली. जगाला सीबी म्हणून माहीत झाली ती हीच. १९७३ चे तेलसंकट आले, हमरस्त्यांवर ५५ मैलांची वेगमर्यादा लागली, आणि पुढे पोलीस कुठे दबा धरून आहेत हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून कळवू लागले. १९७७ मध्ये चॅनेल २३ चे ४० झाले. परवाने देता देता आयोग इतका टेकीला आला की १९८३ मध्ये त्याने परवान्याची अटच काढून टाकली.

सीबीला रिपीटरची मुभा कधीच मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी फारसे साधले नसते. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी सूर्यावरच्या डागांच्या भरतीच्या वर्षांत आयनांबरावरून परततात, मग शेजारच्या गावातल्या माणसाच्या आवाजावर दोन हजार किलोमीटरवरचे कुणीतरी येऊन बसते. तिथली पाव-तरंग अँटेना पावणेतीन मीटरची. ती गाडीवर लवलवते, हातात बाळगता येत नाही. मूळची ४६० ची 'क्लास ए' सेवा मात्र मागे राहिली होती. महाग सेट परवडणारे छोटे व्यावसायिक आणि काही हौशी कुटुंबे तिथे होती, आणि त्यांना रिपीटरची परवानगी होती. १९८७ मध्ये तिचे जीएमआरएस असे बारसे झाले. पुढे नव्या व्यावसायिक परवान्यांना दार बंद करून ती व्यक्तींपुरती ठेवली गेली.

रिपीटर उभारण्याची कला या मंडळींना शिकवली ती परीक्षा देऊन परवाना घेणाऱ्या हॅम लोकांनी. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या टेकडीवर आर्ट गेंट्री यांनी चालवलेला रिपीटर अशा पहिल्यांमध्ये गणला जातो. पण लाट आली ती साठच्या दशकात, आणि ती भंगारातून आली. टॅक्सी आणि पोलिसांच्या चॅनेलांची रुंदी आयोगाने कमी केली, तसे जुने रुंद चॅनेलवाले सेट कवडीमोलाने विकायला निघाले. हॅमनी ते घेतले, स्फटिक बदलले, आणि १४४ ते १४८ मेगाहर्ट्झच्या २ मीटर पट्ट्यावर आणले. १९७२ मध्ये आयोगाला रिपीटरांसाठी वेगळे नियमच करावे लागले. प्रत्येक भागात समन्वय समित्या झाल्या: कोणी ऐकण्या-बोलण्याच्या वारंवारतांच्या कुठल्या जोडीवर रिपीटर लावायचा हे आधी विचारायचे, नकाशात बघायचे, मग लावायचे. या समित्यांच्या रुसव्या-फुगव्यांवर एक स्वतंत्र लेख होईल. तरी त्यांच्यामुळे पन्नास वर्षे डोंगरमाथ्यांवर एक प्रकारची शिस्त राहिली.

आता पट्ट्यांच्या निवडीकडे येऊ. २ मीटरवर आत आणि बाहेर यांतले अंतर ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे वारंवारतेच्या अर्धा टक्काही नाही. इतक्या जवळच्या दोघांना वेगळे करायला पोकळी मोठी आणि नेमकी लागते, आणि १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंग अर्ध्या मीटरचा असल्याने एकेक नळकांडे गुडघ्याच्या वर येते. अशी चार किंवा सहा. ती रेडिओपेक्षा महाग पडतात आणि कोपऱ्यातली खोली अडवतात. जीएमआरएसमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक टक्क्याहून थोडे जास्त, आणि पाव तरंग १६ सेंटिमीटर. म्हणून ड्युप्लेक्सर पुस्तकाएवढा आणि स्वस्त. घरगुती रिपीटरांची आजची वाढ ज्या एका तांत्रिक गोष्टीवर उभी आहे ती हीच, आणि त्या गोष्टीचा जाहिरातीत कोणी उल्लेख करत नाही.

लहरींच्या गुणावगुणांचे म्हणाल, तर १५१ वरून ४६२ मेगाहर्ट्झवर गेले की त्याच अंतरासाठी मोकळ्या हवेतले गणित सुमारे १० डेसिबेलांनी तोट्यात जाते. केबलही जास्त खाते: ज्या चांगल्या जाड केबलच्या ३० मीटर लांबीत १५० मेगाहर्ट्झला दीड डेसिबेल जातात, तिच्यातच ४५० ला पावणेतीन जातात, म्हणजे खालून पाठवलेल्या शक्तीतला जवळजवळ अर्धा भाग वर पोहोचतच नाही. दाट पानोळ्याचे जंगल यूएचएफ लहरी शोषते, ओले असेल तर आणखीच. उलट शहरात यूएचएफ सरस. लहान तरंग खिडक्यांतून, बोळांतून आत शिरतो, भिंतींवरून परावर्तित होत होत पोहोचतो. विजेच्या उपकरणांची भुणभुणही तिथे कमी. आणि हातातल्या सेटवरची बोटभर अँटेना ४६२ वर बऱ्यापैकी काम करते, १५० वर ती नावालाच असते. म्हणजे कागदावर व्हीएचएफने कमावलेले बरेचसे हँडसेटच्या अँटेनात गमावले जाते.

जंगलात आणि मोठ्या कुरणांत राहणाऱ्या अमेरिकनाला व्हीएचएफ हवेच असेल, तर त्याच्यासाठी मर्स नावाची बिनपरवाना सेवा आहे: १५१ आणि १५४ मेगाहर्ट्झवर पाच चॅनेल, २ वॉट, अँटेना बऱ्यापैकी उंच चढवता येते, पण रिपीटर लावता येत नाही. हॅमना २२२ ते २२५ मेगाहर्ट्झचा एक मधला पट्टाही आहे. दोन्हींचे चांगले गुण त्यात आहेत असे त्याचे भक्त सांगतात, आणि ते खोटे नाही. पण हा पट्टा अमेरिका खंडांबाहेर हॅमना जवळजवळ कुठेच नाही, म्हणून मोठे उत्पादक त्यासाठी सेट काढायला तयार नसतात. खालचे २ मेगाहर्ट्झ तर ऐंशीच्या दशकाअखेरीस व्यावसायिकांकडे गेले. ९०० मेगाहर्ट्झवर कारखान्यांतले जुने सेट बदलून लावणारे काही चिवट लोक आहेत. त्यांना सलाम करून पुढे जाऊ.

वाढीची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. २०१७ मध्ये आयोगाने नियमांची मोठी झाडलोट केली आणि बिनपरवाना पाकिटबंद सेट आणि जीएमआरएस यांची सरमिसळ संपवली. चिनी कारखान्यांनी परवडणारे सेट आणले, पाठोपाठ ड्युप्लेक्सरसकट एका खोक्यात मावणारा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा सुमारे १० वॉटचा रिपीटर आणला. जीप आणि तत्सम गाड्यांच्या टोळ्या सीबीची खरखर सोडून इकडे वळल्या. आणि आपत्ती आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने कॅलिफोर्नियात वीज मुद्दाम तोडली गेली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीतली ५७ टक्के मोबाइल केंद्रे बंद पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडचे रस्ते, वीज, मोबाइल सगळे एकदम नेले; तेव्हा २,०३७ मीटर उंचीच्या माउंट मिचेलवरचा १४५.१९० मेगाहर्ट्झचा हॅम रिपीटर चालू राहिला आणि कोण सुखरूप, कुठला रस्ता उघडा, औषध कुठे हवे, हे दिवसरात्र त्यावरून जात राहिले. तो रिपीटर हॅमचा, जीएमआरएसचा नव्हे. पण बातम्या वाचून रेडिओ घ्यायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांना परीक्षेचा कंटाळा होता, आणि ३५ डॉलरची वाट समोर होती.

आता अडचणीकडे. जीएमआरएसमध्ये रिपीटरसाठी जोड्या आहेत फक्त आठ: ४६२.५५० पासून ४६२.७२५ पर्यंत बाहेर जाणाऱ्या, आणि त्याच्या ५ मेगाहर्ट्झ वर आत येणाऱ्या. कॅनडाच्या सीमेलगत आखलेल्या 'लाइन ए' रेषेच्या उत्तरेला त्यातल्या दोन वापरता येत नाहीत. समन्वय समिती नाही, नोंदणीची सक्ती नाही. परवाना असलेला कोणीही उद्या सकाळी रिपीटर सुरू करू शकतो. त्यात २०१७ च्या नियमांनी बिनपरवाना सेटनाही हीच ४६२ ची चॅनेल २ वॉटपर्यंत मोकळी केली. परिणाम असा की ज्या वारंवारतेवर डोंगरावरचा रिपीटर बोलतो, तिथेच सुपरमार्केटमधून आणलेल्या वॉकी-टॉकीवर पोरांची लपाछपी चालते. निदान आत येणारी ४६७ ची बाजू तेवढी परवानेवाल्यांपुरती राखीव आहे.

यावर लोकांचा विश्वास असतो तो टोनवर. ६७ ते २५४ हर्ट्झ दरम्यानचा, कानाला सहसा न जाणवणारा एक स्वर आवाजाखाली सोडायचा आणि तो असेल तरच रिसीव्हरने उघडायचे, अशी ही युक्ती. विक्रेत्यांनी तिला 'प्रायव्हसी कोड' म्हणून खपवले आणि घोळ करून ठेवला. टोनमुळे दुसऱ्याचे बोलणे तुमच्या कानी पडत नाही. हवेतली जागा मात्र त्याने व्यापलेलीच असते. एकाच जोडीवर दोन वेगळ्या टोनचे दोन रिपीटर ४० किलोमीटरवर लावले, की दोन्हींच्या मध्ये राहणारा माणूस बोलतो तेव्हा दोघांचेही रिसीव्हर अडतात, आणि दोघांनाही कारण कळत नाही, कारण दोघांनीही कान झाकून घेतलेले असतात. जुन्या मंडळींनी मात्र टोनचा एक सुंदर उपयोग करून ठेवला आहे: ४६२.६७५ मेगाहर्ट्झवर १४१.३ हर्ट्झ हा वाटसरूंचा टोन. अनोळखी गावातून जाणाऱ्याने तो लावून हाक मारली की ओ मिळण्याची शक्यता जास्त. कुठल्याही नियमात तो सक्तीचा नाही. रीत म्हणून चालत आला आहे.

सगळ्यात मोठा वाद पेटला साखळीवरून. इंटरनेटने दहा-वीस रिपीटर जोडले की एका टोकाला बोललेले दुसऱ्या राज्यात ऐकू येते. मजा येते, यात शंका नाही. पण फ्लोरिडातल्या दोघांच्या गप्पांसाठी दोन-तीन राज्यांतल्या डझनभर माथ्यांवरची डझनभर चॅनेले एकदम अडतात, आणि तिथे कोणी गाडी दरीत गेली म्हणून हाक मारत असेल तर त्याने थांबायचे. नियमांत रिपीटरला नेटवर्क जोडण्याची मुभा दूरनियंत्रणापुरती आहे. आयोगाने अलीकडे आपल्या माहितीपानावर साखळ्यांबद्दलचे वाक्य कडक केले, आणि अनेक मोठ्या साखळ्या तुटल्या. मालकांचा राग मी समजू शकतो. त्यांनी स्वतःच्या खिशातून मनोऱ्यांची भाडी भरली होती. तरीही आयोगाचेच मला पटते. आठ जोड्यांचा पट्टा जवळच्यांशी बोलण्यासाठी आहे. दूरवर बोलायची हौस असेल त्याने हॅमची परीक्षा द्यावी. तिथे साखळ्या चालतात, डिजिटल पद्धतीने एकाच रिपीटरवर दोन संभाषणे एका वेळी बसतात, आणि जागाही बरीच आहे.

इतर देशांनी हेच पेच वेगळ्या रीतीने सोडवले. ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्येच ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास यूएचएफ सीबी काढली आणि २०११ मध्ये चॅनेल अर्ध्या रुंदीची करून ४० ची ८० केली. तिथे बोलणाऱ्याला वैयक्तिक परवाना लागत नाही, रिपीटरला मात्र जागेवार परवाना लागतो. १ ते ८ वर रिपीटर बोलतो, ३१ ते ३८ वर ऐकतो. ५ आणि ३५ ही जोडी आणीबाणीसाठी राखून ठेवलेली, आणि ४० वर हमरस्त्यावरचे ट्रकवाले. बोलणारा मोकळा आणि डोंगरमाथा नियमात, ही वाटणी मला अमेरिकेपेक्षा शहाणपणाची वाटते. अंतर तिथे ७५० किलोहर्ट्झच असल्याने फिल्टर महाग पडतो, आणि त्यामुळेही गॅरेजवरचे रिपीटर आपोआप कमी राहतात. कॅनडाने जीएमआरएस घेतली, पण रिपीटर वगळून. युरोपच्या पीएमआर-४४६ या सेवेत अर्धा वॉट, अँटेना सेटलाच कायमची जोडलेली, रिपीटर नाही.

हाच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा भारताने २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला. २७ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा त्याच्याही आधीपासून मोकळा आहे, पण तो वापरताना क्वचितच कोणी दिसते. बाजारात मात्र भलतेच सेट येत राहिले: पूर्ण १३६ ते १७४ आणि वर ४०० च्या पुढे कुठेही बोलू शकणारे, पोलिसांच्या चॅनेलवरसुद्धा. ऑनलाइन दुकानांत ते वारंवारता न सांगता, परवाना लागतो हे न सांगता विकले जात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा काढल्या आणि मे २०२५ मध्ये अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. अमेरिकेतल्या मामाने सुट्टीत येताना भाच्यांसाठी आणलेली वॉकी-टॉकीची जोडीही ४६२ वर बोलते, आणि ती वारंवारता आपल्या मोकळ्या पट्ट्यात बसत नाही. इस्लामपूरच्या उसात ती कोणी पकडायला येणार नाही हे खरे. पण मुंबईत तीच वारंवारता कोणाच्या तरी परवान्याची असू शकते.

भारतात डोंगरावर रिपीटर लावायचा तर सामान्य माणसाला वाट एकच, हॅम परवान्याची. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा, मग व्हीयू-३ किंवा व्हीयू-२ ने सुरू होणारे संकेतनाम, आणि १४४ ते १४६ किंवा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. सह्याद्रीत याची गरज आहे. घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरणाऱ्या नाळेत मोबाइल जातो, आणि पावसाळ्यात तिथेच माणसे अडकतात. तिथली झाडी ओली असते, म्हणून रिपीटर २ मीटरवर हवा असे म्हणणारे बरोबर आहेत. ती गुडघाभर नळकांडी आणि त्यांना लागणारी कोरडी खोली जुलैच्या धुक्यात माथ्यावर कोण सांभाळणार असे विचारणारेही बरोबर आहेत. विजा, गंजणारे सांधे आणि चार दिवस ऊन न मिळालेले सौर पॅनेल, हा तिथला खरा खर्च.

४४६ च्या मोकळ्या पट्ट्यातच रिपीटरची परवानगी द्या, अशी मागणी अधूनमधून कोणी करते. ती फोल आहे. तो पट्टा सगळा मिळून २०० किलोहर्ट्झ रुंद. त्यात ऐकणे आणि बोलणे यांत अंतर ठेवायचे म्हटले तर परवडणारा कुठलाही ड्युप्लेक्सर त्यांना वेगळे करू शकणार नाही. मागायचीच असेल तर ५ मेगाहर्ट्झ अंतराची एखादी जोडी मागावी, माथ्यावरच्या यंत्राला जागेवार परवाना असू द्यावा, बोलणाऱ्याला नको, आणि साखळ्यांवरची बंदी पहिल्याच मसुद्यात घालून घ्यावी.